दुखणाईत घरातले द्वाड मूल

घरात दोन मुलांना सिकलसेल, आजोबा अंथरुणाला खिळलेले, आजीला रोज इन्सुलिन. आणि या सगळ्यांच्या मधून दिवसभर धावत सुटणारी चार वर्षांची मुलगी. आजारपणाच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या घरात धडधाकट, पण उसळत्या स्वभावाच्या मुलाच्या वाट्याला काय येते आणि त्याच्यासाठी काय करता येते, याविषयी एका आईचे अनुभवाचे बोल.

पावसाळ्याचे दिवस होते. थोरलीला पहाटे कळा सुरू झाल्या आणि सकाळी तिला घेऊन आम्ही दवाखाना गाठला. मुक्काम पाच दिवसांचा पडला. चौथ्या रात्री जाऊबाईंनी मला बळेच झोपायला घरी पाठवले. एरवी मी दारात दिसले की अंगावर झेप घेणारी धाकटी त्या रात्री कोपऱ्यातच उभी राहिली. जेवली नाही, भांडली नाही, एकदाही ‘काहून?’ म्हणाली नाही. दिवा मालवल्यावर अंधारातून बारीक आवाज आला, “आई, मी ताईले पावसात ओढलं होतं. म्हणून ताईचं हाड दुखते ना?”

ते खरे होते. कळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिने ताईचा हात धरून तिला अंगणात ओढले होते आणि दोघी चिंब भिजल्या होत्या. घरात कोणीतरी, बहुधा मीच, रागाच्या भरात ‘पाहिलंस काय केलंस ते’ असे म्हणूनही गेले होते. चार वर्षांच्या त्या जिवाने ते वाक्य चार दिवस एकटीने वागवले होते. या लेखाचे मूळ त्या रात्रीत आहे. तोपर्यंत आम्ही सारे एकाच प्रश्नाचा विचार करीत होतो : हिला गप्प कसे बसवावे? तिला काय वाटत असेल, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता.

घर अकरा माणसांचे

भंडारा जिल्ह्यातले आमचे एकत्र कुटुंब अकरा जणांचे. माझी थोरली मुलगी अकरा वर्षांची आणि मोठ्या दिरांचा मुलगा सोळा वर्षांचा, दोघांनाही सिकलसेल. आबाजींना पक्षाघात होऊन तीन वर्षे झाली. सासूबाईंना मधुमेह. माझा मधला मुलगा आठ वर्षांचा, शांत. आणि ही धाकटी. ती उठते तेव्हा सगळे घर उठते. तिला कपड्याची शिवण टोचते, वरणातली मिरची लांबून कळते, ‘चल’ म्हटले की पाय रोवते आणि एकदा मनात आले की ती गोष्ट झाल्याशिवाय राहात नाही. शेजारी तिला द्वाड म्हणतात, नातेवाईक हट्टी म्हणतात. आबाजी मात्र त्यांच्या अडखळत्या वाचेने ‘वाघीण’ म्हणतात.

अशा घरात प्रत्येक दिवसाला आजाऱ्यांच्या गरजांची चौकट असते. त्यासाठी सिकलसेल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. या आजारात हिमोग्लोबिनच्या रचनेतच फरक असल्याने प्राणवायू कमी पडला की त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. विळ्याच्या आकाराची 10 ते 20 दिवसच. म्हणून रक्तक्षयही कायमचा सोबतीला. अमेरिकेतील शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 साली या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार असल्याचे 1952 मध्ये दिसून आले. विदर्भातील आणि सातपुड्यातील अनेक समाजांत तो पिढ्यान् पिढ्या आहे.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, बाळ वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली’ असा हिशेब इथे चालत नाही. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. आमच्या घरात दोघे भाऊ वाहक आणि आम्ही दोघी जावाही वाहक. लग्नापूर्वी कोणाचीच तपासणी झालेली नव्हती. धाकटी वाहक आहे, आजारी नाही. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही.

आजाऱ्याला सांभाळायचे ते ताप, थंडी, ओलावा, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे यांपासून. वैशाखात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा घरातल्या दोघांनी सतत पाणी प्यायले पाहिजे; पण कूलरच्या थेट झोतात बसता कामा नये. पावसात भिजायचे नाही. ताप 101 अंशांवर गेला तर घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ दवाखाना गाठायचा. आता या नियमांच्या मधोमध कूलरच्या टाकीत होड्या सोडणारी, पावसाची सर आली की आधी चप्पल भिरकावणारी चार वर्षांची मुलगी उभी करून पाहा. आमच्या घरात ‘नको’ हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जात असेल, याची कल्पना येईल.

स्वभाव हा दोष नव्हे

मुलांचे स्वभाव जन्मतः वेगवेगळे असतात, हे कोणतीही आजी सांगेल. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा तान्हेपणापासून दीर्घकाळ अभ्यास केला आणि स्वभावाची नऊ अंगे नोंदवली. त्यांत चळवळेपणा, झोप-भुकेची नियमितता, नव्या गोष्टीला सामोरे जाण्याची रीत, बदल स्वीकारण्याची गती, भावनांची तीव्रता, चिकाटी इत्यादींचा समावेश होता. त्यांच्या पाहणीतील सुमारे 40 टक्के मुले सोपी, 10 टक्के अवघड, 15 टक्के हळूहळू रुळणारी आणि उरलेली संमिश्र स्वभावाची होती. पुढे 1991 मध्ये मेरी शीडी कुर्चिंका या अमेरिकन लेखिकेने ‘अवघड’ या शिक्क्याऐवजी उसळत्या चैतन्याची मुले, अशा अर्थाचा शब्द रूढ केला. त्यांचे म्हणणे असे की, ही मुले इतरांहून निराळी नसतात. सगळ्याच बाबतीत थोडी अधिक असतात.

थॉमस आणि चेस यांचा सर्वांत उपयोगी विचार मात्र ‘मेळ’ हा आहे. मुलाचा स्वभाव चांगला की वाईट, यापेक्षा तो स्वभाव आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते. आमच्या धाकटीला मोठे अंगण आणि रिकामा वेळ असलेली माणसे मिळाली असती, तर तिला कोणी द्वाड म्हटले नसते. आमच्या घराला शांतता हवी आणि तिला हालचाल हवी, एवढाच काय तो तिचा अपराध. हे उमगले तेव्हा ‘हिला बदलायचे कसे’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘मेळ बसवायचा कसा’ हा पुढे आला.

चार वर्षांच्या डोक्यातला तर्क

या वयाच्या मुलाला दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की पहिलीमुळे दुसरी घडली असे वाटते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांच्या या विचारपद्धतीचे बारकाईने वर्णन केले आहे. जगाच्या केंद्रस्थानी आपण आहोत, आपल्या रागाने किंवा इच्छेने गोष्टी घडतात, असे मुलाला मनोमन वाटते. ‘ताई मरून जा’ असे भांडणात म्हटलेले आणि दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात गेली, तर मूल स्वतःला गुन्हेगार ठरवते. ते बोलत नाही. पण अंथरुण ओले करू लागते, बोबडे बोलू लागते, नाहीतर दुप्पट दंगा करते. आपण दंगा पाहतो आणि भीती आपल्या नजरेतून सुटते.

त्या रात्री मी काय उत्तर द्यावे? ‘तुझ्यामुळे काही झाले नाही’ एवढे सांगून मोकळे होता आले असते. पण भिजल्याने कळा सुरू होऊ शकतात, हे घरातले सगळे जाणतात आणि तिनेही ते शंभर वेळा ऐकलेले. खोटे तिला दुसऱ्या दिवशीच कळले असते. मग मी तिला सांगितले, “ताईच्या रक्तातला आजार ताई पोटात होती तेव्हापासूनचा आहे. तेव्हा तू नव्हतीसच. भिजल्यावर कधी कधी दुखणे उठते, कधी न भिजताही उठते. आणि ताईला पावसातून घरात आणणे हे मोठ्या माणसांचे काम होते. तुझे नव्हते. मोठ्यांचे लक्ष नव्हते.” तिने विचारले, “ताईच्या रक्तात कोनं टाकला?” मी म्हटले, “कोणीच टाकला नाही. माझ्यात आणि बाबांत थोडा थोडा होता, तो ताईकडे गेला. आम्हाला ठाऊक नव्हते.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग तू पण रडू नको.” अकरा वर्षांत इतक्या डॉक्टरांनी आणि आप्तांनी मला समजावले असेल, पण ‘हे मीच लेकीला दिले’ हा माझ्या मनातला बोल त्या रात्री पहिल्यांदा थोडा हलका झाला.

यातून एक नियम आम्ही केला. आजाराविषयी मुलाशी खरे बोलायचे, पण थोडके बोलायचे. तीन गोष्टी पुरतात : हे कोणामुळे झालेले नाही, हे खेळताना किंवा उष्टे खाल्ल्याने तुला लागणार नाही, आणि आई दवाखान्यात असेल तेव्हा तुझ्याजवळ अमुक माणूस असेल. चार वर्षांच्या मुलाला याच तीन भीती असतात.

‘माझाही पाय दुखते’

आजारी मुलाला मिळणारे लक्ष हे निरोगी मुलाच्या दृष्टीने बक्षीसच असते. ताईच्या उशाशी आई बसते, मोठी आई तिचे पाय चेपून देते, पाहुणे येताना केळी आणि बिस्किटे आणतात. धाकटीने निष्कर्ष काढला तो तर्काला धरूनच होता. एका आठवड्यात तीन वेळा ती लंगडत आली. तिन्ही वेळा पाय ठणठणीत. चौथ्या वेळी मी मान वर न करता ‘बरं’ म्हटले. संध्याकाळी पाय धुताना टाचेत बाभळीचा काटा रुतलेला सापडला. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना खोटे न बोलण्यासाठी सांगतो. त्या दिवशी ती मला ऐकणाऱ्या गावकऱ्यांची गोष्ट वाटली.

तेव्हापासून दुखण्याची प्रत्येक तक्रार एकदा नीट पाहायची, असे ठरले. पाय हातात घ्यायचा, दाबून पाहायचा, जे आढळेल ते सांगायचे. याला मिनिटभर लागते. काही नसेल तर ‘पाय छान आहे, मांडीवर बसायचे आहे का?’ असे विचारायचे. हवे ते सरळ मागता येते, त्यासाठी आजारी पडावे लागत नाही, हे मुलाला एवढ्यातून कळते. आणि दुसरे, ती ठणठणीत असतानाच तिला वेळ द्यायचा. रोज रात्री जेवणाआधी पंधरा मिनिटे ‘तिची’ असतात. त्या वेळात तिने सांगितलेलाच खेळ खेळायचा, शिकवायचे नाही, रागवायचे नाही, फोन उचलायचा नाही. मी दवाखान्यात असले की ही पंधरा मिनिटे तिचे बाबा किंवा काकू देतात. माणूस बदलला तरी वेळ चुकवायची नाही.

मेळ बसवताना

दवाखान्यात दाखल झालेल्या लहान मुलाला आईपासून तोडल्याने काय होते, हे ब्रिटनमधील जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीच्या चित्रफितीतून दाखवले. त्यानंतरच्या 1959 च्या प्लॅट समितीच्या अहवालाने रुग्णालयांतील मुलांना आईवडिलांची भेट मुक्तपणे मिळावी, अशी शिफारस केली. आपल्याकडे आई आजारी मुलाच्या खाटेशेजारी असतेच. ताटातूट होते ती घरी राहिलेल्या मुलाची. त्याचा विचार कोणी करायचा?

आम्ही काही साध्या गोष्टी केल्या. दवाखान्याची पिशवी कायम भरलेली असते, म्हणजे निघताना धावपळ होत नाही आणि धाकटीच्या डोळ्यांसमोर घबराट दिसत नाही. जाताना तिला न सांगता मागच्या दाराने निसटायचे नाही. रडली तरी सांगूनच निघायचे. माझी एक जुनी ओढणी तिच्या उशाशी राहते. भिंतीवर चित्रांची पट्टी आहे : दूध, अंगणवाडी, जेवण, झोप, अंगण, पंधरा मिनिटे. मी असो वा नसो, पट्टी तीच. बदल सोसायला जड जाणाऱ्या मुलांना पुढे काय आहे हे दिसले की त्यांचा अर्धा हट्ट ओसरतो. घरी भातुकलीच्या जोडीला डॉक्टरकी आली. जुनी सिरिंज, सुई काढून टाकलेली; चिंध्यांच्या बाहुलीला सलाईन लागते, बाहुली ओरडते आणि धाकटी तिला दटावते, “पाणी पे बरं मुकाट्यानं!” दवाखान्यात पाहिलेले मुले अशी खेळातून पचवतात.

तिच्या उसळीला आम्ही काम दिले. ताईची आणि दादाची पाण्याची बाटली भरून आणणे हे तिचे खाते. ते ती इतक्या कडकपणे सांभाळते की सोळा वर्षांचा दादा तिला घाबरतो. मात्र एक काळजी घ्यावी लागते. काम हे खेळाइतकेच असावे. त्यावर कोणाचा जीव टांगलेला नसावा. ‘तू पाणी दिले नाहीस तर ताईला दुखेल’ असे वाक्य आमच्या घरात वर्ज्य आहे. बाटली रिकामी राहिली तर भरणारे मोठे माणूस ठरलेले आहे. आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिला मनसोक्त धावू द्यायचे, चिखलात खेळू द्यायचे, पावसात भिजूही द्यायचे. ताईला मनाई आहे म्हणून तिलाही मनाई, हा न्याय नव्हे. पहिल्यांदा ती एकटी भिजली तेव्हा थोरली खिडकीतून पाहात होती. मला वाईट वाटले. पण थोरलीच म्हणाली, “तिला भिजू दे, मी येथून होड्या देते.”

ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्याचे मर्म हेच होते. मुलाला शाळेत कोंबण्याऐवजी शाळा मुलाच्या अंगणात गेली. उसळत्या मुलासाठी घरालाही थोडे अंगणात जावे लागते.

‘गोळी’ या शब्दाचा धोका

आपल्या भाषेत चघळायची तीही गोळी आणि औषधाची तीही गोळीच. सिकलसेलच्या अनेक रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिले जाते. त्याने कळा कमी होतात. पण ते प्रभावी औषध आहे, त्यासाठी वेळोवेळी रक्ततपासणी करावी लागते आणि निरोगी मुलाच्या पोटात ते जाणे धोक्याचे असते. आमच्या घरात त्याशिवाय आबाजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिनच्या सुया. एकदा धाकटी आजीच्या उशाखालची पुडी उघडताना सापडली आणि आमच्या पायांखालची जमीन सरकली. आता सर्व औषधे कुलपाच्या कपाटात असतात. कपाट उंचावर असून भागत नाही. चढणाऱ्या मुलाला उंचीची भीती नसते. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात जातात. औषधाला ‘गोड गोळी’ म्हणायचे नाही, ते ‘औषध’च. आणि मुलांदेखत आपले औषध घेताना ‘हे फक्त माझे’ असे म्हणायचे. हे चारही नियम पाहुण्यांनाही लागू.

अनेक हात, एक शब्द

एकत्र कुटुंबात मुलाला मांडी कमी पडत नाही, हे मोठे भाग्य. पण दहा मोठी माणसे दहा नियम सांगतात आणि चलाख मूल अकरावा काढते. आम्ही बसून तीन नियम ठरवले : मारायचे नाही, औषधाला हात लावायचा नाही, ताई-दादाला ढकलायचे नाही. हे तीन सगळ्यांनी सारखेच पाळून घ्यायचे. बाकीच्यात ज्याचे त्याने पाहावे. रागाचा झटका आला की उपदेश करायचा नाही. जवळ बसायचे, कोणाला लागणार नाही एवढे पाहायचे आणि उसळी ओसरल्यावर तिच्या रागाला नाव द्यायचे : ‘आई ताईकडे गेली म्हणून राग आला.’

आणि एक कबुली. या साऱ्या धामधुमीत माझा मधला मुलगा फार ‘शहाणा’ होता. तो काही मागत नसे. सारे त्याची वाखाणणी करीत. धाकटीची पंधरा मिनिटे सुरू झाल्यावर एक दिवस त्याने हळूच विचारले, “मलाही मिळतील का?” आजारी घरात दंगा करणारे मूल निदान ओरडून सांगते की, मी येथे आहे. न ओरडणाऱ्याकडे जाऊन विचारावे लागते.

हे सर्व करूनही मूल महिनोन् महिने नीट झोपत नसेल, खेळणे सोडून देत असेल, स्वतःला किंवा इतरांना वारंवार इजा करीत असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा आणि गरजेनुसार बालमानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आजाऱ्यासाठीच्या सोयींची माहितीही घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्यात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे. लग्नाआधी पत्रिका जुळवणाऱ्या घरांनी रक्ताची एक चाचणीही करून घ्यावी. आमच्या घरात ती कोणीही केली नव्हती.

धाकटीही वाहक आहे. तिच्या लग्नाच्या वेळी हे तिला ठाऊक असेल आणि तिने काय विचारायचे तेही. ती विचारील, याविषयी मला शंका नाही. ‘काहून?’ हा शब्द तिच्या तोंडी आताच इतका पक्का बसला आहे की, तो थांबवण्याचा प्रयत्न आम्ही सोडून दिला आहे.